आबांनी पारखलेला दुसरा भाग

आमच्या धुळ्यातल्या गल्लीतले आबा सिनेमा मध्यंतरापासून बघायचे. शेवट झाला की तिथेच बसून पुढच्या खेळाचा पहिला अर्धा भाग बघायचे आणि मध्यंतराला घरी यायचे. दारावरच्या माणसाने हुज्जत घालणं केव्हाच सोडलं होतं. आबांचा जन्म जिनिंगमध्ये कापूस पारखण्यात गेला. गाडीत वर पांढराशुभ्र कापूस असतो आणि कवडी, म्हणजे किडका पिवळा माल, तळाशी दडपलेला असतो. म्हणून आबा खांद्यापर्यंत हात घालून तळातला कापूस उपसायचे. सिनेमावाले तरी काय वेगळे, असं त्यांचं मत होतं. "माल खालथून देखना पडस," ते म्हणायचे.

त्यांच्या निकालावर गल्ली सिनेमाला जायची किंवा घरी बसायची. बहुतेक वेळा घरीच. कुणाला वाईट वाटेल म्हणून आबांनी निकाल कधी बदलला नाही.

एकाच मारामारीच्या सिनेमाला त्यांनी अस्सल माल म्हटलं होतं. तो त्यांनी बायको अक्का आणि एकुलता एक मुलगा सुभाष यांच्यासोबत पाहिला होता. त्यात नायकाचा धाकटा भाऊ गोळ्या लागून मरतो. अक्का तिथेच हुंदके देऊ लागल्या, तेव्हा सुभाष हसत म्हणाला होता, "रडू नको माय, दुसरा भागमा येई तो."

पुढच्याच वर्षी सोनगीरजवळ हायवेवर ट्रकने सुभाषला उडवलं. त्यानंतर अक्का उंबऱ्याबाहेर पडल्या नाहीत. आबांनी सगळं करून पाहिलं.

आणि मग खरोखरच दुसरा भाग आला. अक्का म्हणाल्या, धाकटा आला असेल तर मी बघायला येते. आबा मला सोबत घेऊन लगोलग माल पारखायला निघाले.

मारामारी झकास होती, ते मान्य करायलाच हवं. जीप उलटायची, काचा फुटायच्या, पोरं शिट्ट्या मारायची. बाकी सगळा आनंद होता. पहिल्या भागात दरीत पडून मेलेल्या खलनायकाचा जुळा भाऊ तोच कोट घालून हजर. नायिका नुसती किंचाळायला ठेवलेली. आणि मध्यंतरानंतर थोड्याच वेळात धाकटा भाऊ घराच्या दारात उभा राहिला. भूक लागली म्हणाला आणि आईसमोर जेवायला बसला. तो कसा वाचला हे पहिल्या अर्ध्यात सांगितलं असेल, म्हणून आम्ही पुढच्या खेळाला बसून राहिलो. पहिल्या अर्ध्यात भिंतीवर त्याचा हार घातलेला फोटो तेवढा होता. बनवणाऱ्यांना कशाचंच काही वाटत नव्हतं.

"मारामारीना धागा लांब शे, पन बाकी बठ्ठी कवडी भरी दिधी," आबा वाटेत म्हणाले. लांब धागा म्हणजे अस्सल कापूस. जुळा भाऊ, कोट, नायिका, एकेकाची त्यांनी पिसं काढली. धाकट्याबद्दल मात्र चकार शब्द काढला नाही. मी विषय काढला तर ते भरभर चालू लागले.

घरी अक्का केस विंचरून, ट्रंकेतलं चांगलं लुगडं नेसून बसल्या होत्या. इतक्या वर्षांत मी त्यांना तसं पाहिलं नव्हतं.

"धाकला उना का?"

आबा खाली बघून चपला काढत होते. "नही उना," ते म्हणाले.

अक्का उठल्या. मग आत जाऊन रोजचं लुगडं नेसून आल्या आणि चहाचं आधण ठेवलं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात आबांनी मला दंडाला धरून बाहेर नेलं. "हाई देखी तं ती रोज वाट देखत दारमा बठी ऱ्हाई," एवढंच म्हणाले.

पुढे थिएटरच्या दारावरच्या माणसाकडून कळलं की आबा रोज येतात. मध्यंतरानंतर आत शिरतात आणि धाकट्याचं जेवण झालं की उठून जातात. एवढा रद्दी माल रोज कशाला बघता, असं त्याने त्यांना विचारलं होतं.

"एक बोंड चांगलं शे," आबा म्हणाले होते.