गुरुसिद्ध हत्तरगी यांचे सरकारी आजारपण

कोणतीही साथ सांगून येत नाही, ही साथींची मोठी गैरसोय आहे. सांगून आली असती तर वेळेवर समिती नेमता आली असती, मांडव घालता आला असता आणि उद्घाटनाला एखादा मंत्रीही मिळाला असता. न सांगता येणाऱ्या गोष्टीची तयारी करायची तर ती आलेली आहे असे आधी सर्वांनी मिळून ठरवावे लागते. याला शास्त्रात सराव म्हणतात.

असा सराव करण्यासाठी सन २००६ मध्ये कोल्हापुरात ‘संभाव्य साथ पूर्वतयारी कक्ष’ सुरू झाला. एक खोली, दोन संगणक, तीन खुर्च्या आणि प्रमुख म्हणून नृसिंह हेर्लेकर, एवढा त्याचा पसारा. हेर्लेकर संख्याशास्त्राचे पदवीधर होते आणि त्यांचे संगणकावर मनापासून प्रेम होते. (संगणकाची कधी तक्रार ऐकिवात नाही.) त्या संगणकात ‘साथदर्शी’ नावाची प्रणाली होती. आजारी माणूस दिवसात किती जणांना भेटतो हा आकडा तिला दिला की पुढच्या सहा महिन्यांत किती माणसे आजारी पडतील हे ती रंगीत आलेखासह सांगायची. प्रणाली परदेशी बनावटीची असल्यामुळे आकड्याच्या रकान्यात दोनच अंक मावत होते. आजारी माणसाला शंभर माणसे भेटतील ही शक्यता तिकडे कुणाला सुचली नव्हती.

आता हवा होता एक नमुना रुग्ण. त्याने तीन दिवस घरी पडून राहायचे आणि त्याच्याकडे कुणी जायचे नाही. पात्रतेच्या अटी तीन: स्वतःचे घर, रस्त्याकडे दार असलेली वेगळी खोली आणि ठणठणीत प्रकृती. (आजारी माणूस रुग्ण म्हणून अपात्र होता.) शाहूपुरीत पंपाच्या सुट्या भागांचे दुकान चालवणारे गुरुसिद्ध हत्तरगी या तिन्ही अटींत बसले. वय अठ्ठावन्न, रक्तदाब आदर्श, आणि दात सगळे स्वतःचे.

लोकांना वाटले, गुरुसिद्धअण्णांना पेपरात फोटो छापून यायला हवा आहे. खरे कारण त्यांच्या बायकोला, बसव्वाला, ठाऊक होते. नऊ वर्षांपूर्वी लेकीच्या लग्नपत्रिकेत धाकट्या भावाचे, श्रीशैलचे नाव मुलीच्या मामाच्या खाली छापले गेले होते. श्रीशैलचा कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत नट-बोल्टचा कारखाना. तो त्या लग्नात जेवला, हात धुतले आणि जो गेला तो पुन्हा अण्णांच्या उंबऱ्यावर आला नाही. अण्णांना तो रोज आठवायचा. दुकानात नट-बोल्टची पेटी उघडली की जास्तच आठवायचा.

आता आमच्याकडे भांडणाला सणवार, निवडणुका, बारशी असे काहीही आड येत नाही. फक्त आजारपण येते. माणूस आजारी पडला की रुसवा बाजूला ठेवून त्याला बघायला जावेच लागते, न जाणाऱ्याला गल्ली विचारत नाही. गुरुसिद्धअण्णांचे दुर्दैव असे, की नऊ वर्षांत त्यांना साधी सर्दीसुद्धा झाली नव्हती. प्रकृतीने दगा दिला होता. तेव्हा सरकारच आजारी पाडायला तयार आहे म्हटल्यावर त्यांनी संधी सोडली नाही.

“सरळ गाडी काढून कागलला जावा की,” बसव्वा म्हणाली. “अर्ध्या तासाचं काम हाय.”

“थोरल्यानं आधी जायाचं नसतंय,” अण्णा म्हणाले, आणि जवळच्या चाळीस माणसांचे मोबाइल नंबर मागणाऱ्या कक्षाच्या अर्जावर पहिलाच नंबर श्रीशैलचा घातला.

सरावाच्या पहिल्या दिवशी सकाळी सात वाजता अण्णा आडवे झाले. दाराला किरणांचे यंत्र बसवण्यात आले. उंबरा ओलांडणाऱ्या प्रत्येकाची ते मोजणी करी आणि शुद्ध मराठीत ‘कृपया आत प्रवेश करू नये’ असे बजावी. बाहेर आकाराम नावाचा होमगार्ड बसवला. चाळीसही नंबरांवर ‘गुरुसिद्ध हत्तरगी आजारी आहेत. आपण त्यांच्या घरी येऊ नये’ असा मेसेज गेला. शिवाय कर्णा लावलेली रिक्षा शहरभर फिरवून कुणीही हत्तरगींच्या घरी जाऊ नये असे आवाहन करण्यात आले. कुणी चुकून जाऊ नये म्हणून पत्ता दोनदा सांगण्यात आला.

साडेसातला पहिला माणूस आला. यंत्राने बजावल्यावर तो यंत्राला म्हणाला, “बसत न्हाय, उभ्या उभ्या बघून जातो.” मग बसला. आठ वाजेपर्यंत खोलीत माणसांना बसायला जागा उरली नाही, म्हणून अण्णांना पलंगाच्या एका कडेला सरकवून पायथ्याशी तिघांची सोय करण्यात आली. हे सगळे नाटक आहे, अण्णांना काहीही झालेले नाही, हे येणाऱ्या प्रत्येकाला माहीत होते. पण नकली आजाराला गेले नाही तर मनाला लागते ते खरेच लागते, असा सर्वांचा अनुभव होता. अण्णांना उठून बसायची बंदी असल्यामुळे प्रत्येकाने त्यांना पडल्या पडल्या गालाला हात लावून बघितले. आकाराम दर तासाला आत येऊन आपण बाहेर कसे कुणाला सोडत नाही हे सांगून, चहा घेऊन जात होता.

तीन दिवसांतली कक्षाची आकडेवारी अशी. भेटायला आलेले: चारशे बारा. त्यांपैकी दुसऱ्यांदा आलेले: एकसष्ट (पहिल्या खेपेनंतर कोण कोण आले हे बघायला). शहाळी: सत्त्याण्णव. मोसंबी: एकोणचाळीस डझन. मिरजेचा डॉक्टर सुचवणारे: दोनशे सहा. या अजून जगात न आलेल्या रोगाने आपला जवळचा नातेवाईक गेल्याचे डोळ्यांत पाणी आणून सांगणारे: सतरा. हुपरीहून एक चुलत मेहुणे पैंजणांचे काम अर्धे टाकून एसटीने आले आणि मुक्कामाला राहिले. (कक्षाने त्यांची नोंद ‘घरातील व्यक्ती’ अशी केली.)

दाराच्या यंत्राची मोजणी तारेने कक्षातल्या संगणकाला जात होती. तिथे नव्व्याण्णवानंतर शंभरावा माणूस आत शिरला की रकान्यात शून्य शून्य उमटे. पहिल्यांदा असे झाले तेव्हा ‘साथदर्शी’ने हेर्लेकरांना ‘संपर्क शून्य, अभिनंदन’ असा निरोप दिला आणि हेर्लेकरांनी पेढे मागवले. तीन दिवसांत पेढे चारदा आले. शेवटी चारशे बारांतले बारा तेवढे उरले, आणि तीन दिवसांत अवघे बारा संपर्क म्हणून कोल्हापूर या विषयात राज्यात पहिले आले.

अण्णांचे मात्र आकड्यांकडे लक्ष नव्हते. यंत्र वाजले की ते दाराकडे बघायचे. चारशे बारा वेळा बघितले आणि चारशे बारा वेळा दुसराच कोणीतरी निघाला. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सहाला सराव संपला. बसव्वाने शहाळी मोजायचे सोडून नवऱ्याकडे बघितले आणि दिवा लावला. अण्णा भिंतीकडे तोंड करून झोपले. त्यांना फार वाईट वाटले होते.

चौथ्या दिवशी अण्णांना खरा ताप आला. चारशे बारा माणसांनी गालाला हात लावल्यावर तो येणे शास्त्राला धरूनच होते. एकशे तीन ताप, अंग ठणकणे आणि खोकला. बसव्वाने गल्लीत सांगितले, पाहुण्यांना फोन केले. सगळ्यांनी अगत्याने चौकशी केली, पण आले कोणीच नाही. “परवाच बघून आलोय की,” असे प्रत्येकाने सांगितले, आणि त्यात खोटे काही नव्हते. एका आजाराला एकदा जायचे असते. शेजारच्या धोंडुबाई तर तीनदा जाऊन आल्या होत्या, त्यांची दोन आजारपणे आगाऊ जमा होती.

अशा रीतीने, जे यंत्राला, रिक्षाला आणि आकारामला साधले नाही ते आपोआप साधले. हत्तरगींच्या घरी सलग दोन दिवस कुणीही फिरकले नाही. काढायला कोणी न आल्यामुळे दारावरच राहिलेले यंत्र मुकाट होते.

तापाच्या तिसऱ्या दिवशी दुपारी ते वाजले. बसव्वा स्वयंपाकघरातून बाहेर आली तर दारात श्रीशैल. हातात शहाळे नव्हते, एक कागद होता. कक्षाने त्याला प्रमाणपत्र पाठवले होते: सूचना दिलेल्या चाळीस व्यक्तींपैकी सूचनेचे पालन करणारे आपण एकमेव नागरिक आहात, करिता आपले अभिनंदन.

“अण्णा,” तो पलंगाजवळ उभा राहूनच म्हणाला, “चाळीस जणांना मेसेज गेलता?”

“व्हय. का?”

“मला वाटलं, मला एकट्यालाच आलाय. ‘आपण येऊ नये’ असं लिवलं हुतं. वाटलं, तुमीच सांगून घातलं.”

अण्णा बराच वेळ खोकले. त्यात खोकला किती होता हे सांगता येत नाही.

“पत्रिका मी बघितली न्हवती रे,” शेवटी ते म्हणाले. “छापून आल्यावर बघितली.”

“ऱ्हाऊ द्या,” श्रीशैल म्हणाला आणि पलंगावर बसला. रात्रीपर्यंत तो उठला नाही. दोघांनी एका ताटात दहीभात खाल्ला, एकाच पेल्यातून पाणी प्याले आणि बसव्वा पदराने डोळे पुसत दोघांवर ओरडली. त्यानंतर तिसऱ्या दिवशी श्रीशैलला एकशे दोन ताप आला. जिल्ह्यातला एकमेव शिस्तबद्ध नागरिक असा कामाला आला. त्याचे अंथरूण अण्णांच्या शेजारीच घातले, आणि अण्णांना इतके बरे नऊ वर्षांत वाटले नव्हते.

हेर्लेकरांनी या सगळ्याचा अभ्यास करून शासनाला अहवाल दिला. साथीच्या काळात लोकांनी भेटायला येऊ नये असे वाटत असेल तर त्यांना आधीच भेटवून मोकळे करावे, असा त्याचा निष्कर्ष होता. त्यावरून ‘पूर्वभेट योजना’ मंजूर झाली. साथ येण्याआधी प्रत्येक नागरिकाने तीन दिवस आजारी पडावे आणि सर्वांचे येणे-जाणे उरकून घ्यावे. मग खरी साथ आली की शहर निवांत.

योजनेचा अर्ज अगदी सुटसुटीत आहे. येऊन जातील अशा लोकांची नावे त्यात विचारलेली नाहीत, ती कक्षाला अंदाजाने कळतात. एकच रकाना आहे: ‘यावे असे वाटते पण येणार नाही, अशा व्यक्तीचे नाव’. बहुतेक लोक हा रकाना कोरा ठेवतात आणि असे कोणी नाही म्हणून सही करतात. पण वाचकहो, तुम्ही तो आत्ता वाचता वाचताच मनात भरला आहे. त्या माणसाचा नंबर तुमच्याकडे असूनही, तुम्हीसुद्धा चांगला सणसणीत ताप येण्याची वाट बघत बसला आहात.