निजलेल्या देवीची पडताळणी

मौनी टेकडी पवित्र आहे, याबद्दल बेलटोला गावात कुणाला कधी शंका नव्हती. शंका आली ती सरकारी यादीला. हट्टा गावापलीकडची ही टेकडी यादीत ‘रिक्त दगडी भूभाग’ म्हणून नोंदलेली निघाली, आणि रिक्त दगड दिसला की तो खडी फोडणाऱ्या गिट्टी खदानीला द्यायचा, असा नियम. आक्षेप असल्यास तीस दिवसांत पावित्र्याचा दाखला आणावा, असा कागद पंचायतीच्या भिंतीवर लागला.

मैनाबाईनं तो सरपंचाकडून वाचून घेतला आणि दाखला आणायचं मनावर घेतलं. दर सोमवारी टेकडीची पायवाट झाडायची ती, तिच्या आधी तिची सासू. गाव सांगायचं ते असं, की साऱ्या जगाची गाऱ्हाणी ऐकून कान किटलेली एक देवी इथवर आली, ‘घडीभर पडते’ म्हणाली आणि आडवी झाली. म्हणून टेकडीवर कुणी चकार शब्द काढत नाही. नवस नाही, आरती नाही, घंटा नाही. अनवाणी चढायचं, झाडाखाली बसायचं, उतरायचं. तणतणत गेलेलं नवरा-बायकोचं जोडपं खाली येईस्तोवर भांडणाचं कारण विसरलेलं असे. टेकडीचा चमत्कार म्हणायचा तर एवढाच.

मध्य प्रदेशातल्या बालाघाटला, श्रद्धास्थळ पडताळणी कक्षात गोपाळकृष्ण दाणीबाबू बसत. घराणं मराठी, तीन पिढ्या सरकारी नोकरीत. आपल्या बोलीत बोलणारा माणूस पाहून मैनाबाईला हायसं वाटलं. ते फार टिकलं नाही.

“देव कोणता?” बाबूंनी फॉर्म ओढला.

“देवी हाय, बाबूजी. नाव नाही सांगितलं तिनं. थकून गेलती.”

“निनावी चालत नाही. बरं, पांडव येऊन गेलते का?”

“आले असतील तं गुपचूप गेले असतील.”

“तसाही पांडवांचा कोटा भरला हाय. एका वनवासात त्या बिचाऱ्यांनी मुक्काम तरी किती करावे?” बाबूंनी पान उलटलं. “लाऊडस्पीकरची परवानगी? मिरवणूक?”

“तिथं कोणी बोलतच नाही, बाबूजी.”

“मंग श्रद्धा मोजायची कशी?”

बाबूंच्या मनात काही काळंबेरं नव्हतं. फॉर्मच्या अकराव्या रकान्यात ‘श्रद्धेची तीव्रता (डेसिबलमध्ये)’ असं स्वच्छ छापलेलं होतं, आणि पात्रतेसाठी किमान नव्वद लागत.

पुढच्या आठवड्यात पडताळणीचं पथक आलं. अख्खा गाव टेकडीवर हात जोडून बसला होता. पथकानं माणसामाणसाला विचारलं, कुणी तोंड उघडलं नाही. अहवाल गेला: ‘स्थळी पूर्ण शुकशुकाट आढळला. ग्रामस्थांकडे वारंवार विचारणा केली असता कोणीही श्रद्धा असल्याचे सांगितले नाही. सबब श्रद्धा नाही.’

मैनाबाई पुन्हा बालाघाटला गेली. दाणीबाबूंना खरंच वाईट वाटलं. त्यांनी तिला चहा पाजला आणि आवाज खाली आणून म्हणाले, “एक महोत्सव करून टाका. एकच दिवस. डीजे लावा.”

“आन माय उठली तं?”

“खदानीचा बारूद उडल्यावर काय झोपून राहणार हाय ते?”



महोत्सव झाला. जुनी सेवेकरी म्हणून पहिला माइक मैनाबाईच्याच हातात दिला. आयुष्यात पहिल्यांदा टेकडीवर तिचा आवाज निघाला. “माफ कर, माय,” एवढंच ती बोलली आणि रडायला लागली. पथकाच्या यंत्रानं एकेचाळीस दाखवले. मग डीजेवाल्यानं सूत्रं हाती घेतली आणि श्रद्धा एकशे सहावर गेली.

दाखला मिळाला, तोही साधा नव्हे. शंभरच्या वर गेल्यामुळे टेकडी ‘अतिपवित्र’ ठरली. अतिपवित्र स्थळाला पक्का रस्ता, कमान, पार्किंग आणि देवीच्या कथेचा ध्वनी-प्रकाश खेळ देणं बंधनकारक आहे. रस्त्याला गिट्टी लागते. गिट्टी सर्वात जवळच्या दगडातून घ्यावी, असाही नियम आहे. तेव्हा टेकडीवर जाणारा रस्ता करण्यासाठी टेकडी मागच्या अंगानं अर्धी फोडण्यात आली. पुढून पाहणाऱ्याला काही कळत नाही.

पायवाट डांबराखाली गेल्यावर झाडायचं काही उरलं नाही. तरी मैनाबाई सोमवारी जाते. देवीशी बोलायचं नाही हा नेम तिनं मोडला आहे. नव्या कमानीला टेकून हळूच विचारते, “माय, हायेस का वं?” उत्तर येत नाही. उत्तर तर पूर्वीही येत नव्हतं, पण तेव्हा तिला कारण ठाऊक होतं.

हे वाचून तुम्हालाही वाईट वाटलं असणार. अशा जागा जपायला हव्यात, असंही तुम्ही मनाशी म्हणाला असाल, आणि त्याच्या पाठोपाठ विचार आला असेल, की एकदा बघून यायला हवं, गाडी वरपर्यंत जाते का? जाते. फक्त रविवारी लवकर निघा, पार्किंग भरलेलं असतं.