टाकीला गोधडी

मॅक्रे साहेबांनी सुट्टीवर जाताना खैरुद्दीनच्या हातात लिफाफा ठेवला, तेव्हा त्यांचा एक पाय गाडीत होता. "इस में सब लिखा है. घर नीट सांभाळलंस, तर मागची पक्की खोली तुझी." गाडी निघून गेली आणि खैरुद्दीन लिफाफा छातीशी धरून धुरळ्यात उभा राहिला.

हर्णैचा खैरुद्दीन दुबईत साहेबांच्या कंपनीत स्टोअरकीपर होता आणि त्यांच्या बंगल्याची राखणही करायचा. बंगल्यामागे खजुरीच्या झावळ्यांची झोपडी होती. तिच्यात तो आणि त्याची बायको हमीदा राहायचे. हमीदाला सातवा महिना होता. झावळ्यांतून वारा यायचा, वाळू यायची आणि शेजारची बकरीही विचारल्याशिवाय यायची. आपलं मूल पक्क्या भिंतींत जन्मावं, एवढंच हमीदाचं मागणं होतं.

इंग्रजी कागद वाचायला शेजारचे अलीमियाँ आले. बंदरावर मुनशीगिरी केलेला हा माणूस कागद हातात आला की आधी खाकरायचा.

"पाण्याची टाकी पूर्ण रिकामी करा. सगळे नळ उघडे ठेवा. बंबातलं पाणी काढा. टाकी अन् पाइप गरम कपड्यात गुंडाळा. मोऱ्यांत मीठ टाका. धुराडं बंद करा. नाहीतर पाणी गोठून नळ फुटतील."

"चाचा, दुबईत पाणी गोठतं?"

"तेरा वर्षांत बर्फ मी फक्त मासळीवर बघितला," अलीमियाँ म्हणाले. "पण साहेबांच्या भिंतीवर ते हवेचं घड्याळ आहे ना? मागच्या महिन्यात त्यानं वादळ सांगितलं. आलं की नाही?"

वादळ आलं होतं. झोपडीचं अर्धं छप्पर घेऊन गेलं होतं. खैरुद्दीनला यापेक्षा मोठा पुरावा नको होता.

"यल्ला, लागू या कामाला," तो म्हणाला. "एक नळ फुटला तर खोली खलास."

त्या काळी दुबईत गोडं पाणी गाढवाच्या पाठीवर डबे लादून यायचं आणि लोक ते वाटीवाटीनं वापरायचे. अशा गावात भर सकाळी बंगल्याच्या मोरीतून शेकडो गॅलन पाणी गल्लीत धो धो वाहू लागलं. सगळ्यात आधी समोरच्या घरातली मैमुनाबी हंडा घेऊन धावली. मग डबे आले, बादल्या आल्या, एका बाईनं तर पाळणा रिकामा करून आणला, पण त्याला भोकं होती. दुपारपर्यंत गल्लीत कोरडं भांडं उरलं नाही. सगळे खूश होते, फक्त पाणीवाला शौकत सोडून. तो दोन्ही गाढवं भरलेलीच घेऊन परत गेला.

धुराडं काही सापडेना. शेवटी गच्चीवरचा वारा ओढणारा मनोरा हेच साहेबांचं धुराडं असणार, असं अलीमियाँनी ठरवलं आणि खैरुद्दीननं त्यात तांदळाची आठ रिकामी पोती कोंबली. पाइपांना त्याच्या तीन लुंग्या गेल्या. टाकीसाठी गरम कपडा मात्र एकच होता, हमीदाच्या आईनं जुन्या साड्यांची शिवून दिलेली बाळंतपणाची मोठी गोधडी. हमीदानं ती क्षणभर गालाला लावली आणि नवऱ्याकडे दिली.

"गाठी घट्ट मारा," ती म्हणाली. "खोली मिळाली की काढू, इन्शाल्ला."

दहा दिवस घर ठणठणीत कोरडं होतं. अकराव्या दिवशी सकाळी तार आली. 'उद्या पोहोचतो. सोबत आई. आंघोळीला गरम पाणी हवं.'

खैरुद्दीन धावत शौकतकडे गेला. शौकत गाढवाची पाठ खाजवत होता.

"तेरे साहब के घर एक बूंद नहीं दूंगा. वाळू पिळून घे म्हणावं."

खैरुद्दीन रडकुंडीला येऊन घरी आला. हमीदानं ऐकून घेतलं आणि पोट सावरत थेट मैमुनाबीच्या दारात गेली.

"खाला, साहेबांचं पाणी परत पाहिजे."

"पोरी, ते केव्हाच संपलं. पण शौकत आम्हाला तर विकतो ना?"

त्या दिवशी गल्लीला अशी तहान लागली की शौकतच्या गाढवांनी अकरा खेपा केल्या. एका दारातून तो डबा ओतून निघायचा आणि मागच्या दारातून तेच पाणी बायकांच्या डोक्यावरून बंगल्याच्या गच्चीवर जायचं. मागच्या नुकसानीची भरपाई झाली म्हणून शौकत शीळ घालत होता. संध्याकाळी टाकी भरली. पाण्याला सुक्या मासळीचा, वेलचीचा आणि थोडा रॉकेलचा वास होता, पण पाणी होतं.

दुसऱ्या दिवशी साहेब आईला न्हाणीघर दाखवून तडक गच्चीवर आले. गोधडीतली टाकी पाहून ते थबकले.

"ये क्या है?"

"आपका ऑर्डर, साहेब." खैरुद्दीननं कागद पुढे केला.

साहेबांनी कागद वाचला आणि लिफाफा उलटून पाहिला. त्यांनी एकाच दिवशी दोन कागद लिहिले होते आणि लिफाफे बदलले होते. हा कागद स्कॉटलंडमधल्या, थंडीत रिकाम्या राहणाऱ्या आईच्या घराच्या राखणदाराचा होता. त्याला खैरुद्दीनचा कागद गेला होता, त्यात लिहिलं होतं: टाकी काठोकाठ भरून ठेव, रोज संध्याकाळी सगळ्या खिडक्या उघड, छान वारा येऊ दे. तो राखणदारही हुकमाचा पक्का होता. घरातले सगळे नळ फुटले होते आणि म्हातारीच्या जिन्यावर बर्फ झाला होता.

खैरुद्दीनला एवढंच कळलं, की आपण सगळं उलटं केलं. झोपडीच्या दारातून वर बघणारी हमीदा त्याला दिसली आणि त्याला फार वाईट वाटलं.

तेवढ्यात साहेबांची आई ओल्या केसांनी गच्चीवर आली. तिनं टाकीला एक फेरी मारली, गोधडीच्या गाठी ओढून पाहिल्या, पाइपावरची लुंगी उचकटली, मनोऱ्यातली पोती मोजली. मग ती मुलाकडे वळून इंग्रजीत बरंच बोलली.

"काय म्हणाल्या?" खैरुद्दीननं भीत भीत विचारलं.

"म्हणते, घर बंद करणं कळणारा एवढा एकच माणूस तिनं जन्मात पाहिला," साहेब म्हणाले. "और पूछती है, तू राहतोस कुठे."

खैरुद्दीननं खाली बोट दाखवलं. झोपडीतून बकरी बाहेर येत होती. त्याच संध्याकाळी हमीदाला पक्क्या खोलीची किल्ली मिळाली.

मार्चमध्ये मुलगी झाली आणि गोधडी तिच्या अंगाखाली आली. म्हातारी मात्र परत गेलीच नाही. दर एक डिसेंबरला ती स्वतः गच्चीवर उभी राहून टाकी रिकामी करून घ्यायची, गोधडीच्या गाठी साहेबांना मारायला लावायची आणि मुलगी तेवढा महिना आईच्या साडीवर झोपायची. गल्ली पहाटेपासून भांडी मांडून बसायची. त्या दिवशी शौकत धंदा बंद ठेवायचा आणि दोन्ही गाढवं घेऊन रांगेत सगळ्यांच्या पुढे उभा असायचा.