बटाट्याला कोड कोणता?

"अन्ननलिकेचे विकार ना? मला झोपेतून उठवून विचारा, कोड सांगते!" बिनचूक मान ताठ करून म्हणाली.

डॉक्टरांनी लिहिलेलं निदान वाचायचं आणि प्रत्येक रोगाला त्याचा ठरलेला कोड द्यायचा, हे तिचं काम. विज्ञानाची पदवी ताजी, चुकांची भयंकर चीड. म्हणून रुग्णालयाच्या कोडिंग विभागाने तिचं नाव बिनचूक ठेवलेलं! तिची नोकरी कायम होणार की नाही, हे साहेब आज जेवणानंतर सांगणार होते.

आणि जेवतानाच साहेबांनी अख्खा उकडलेला बटाटा गिळला! डोळे बशीएवढे झाले, हात छातीवर गेला.

"अगं बाई! पाणी द्या कुणीतरी!" शेजारी जेवत बसलेल्या विभागातल्या ताई ओरडल्या.

"थांबा ताई! आधी अडकलंय कुठे ते बघू. साहेब, बोलता येतंय?"

"ये... तंय..."

"म्हणजे श्वासनलिका मोकळी! अन्ननलिकाच!" बिनचूकला लॉटरी लागल्यासारखा आनंद झाला. "के बावीस!"

"छे! के बावीस नळीच बिघडली तर. हा बटाटा बाहेरून आलाय. टी अठरा!" विभागातल्या जुन्याजाणत्या दादांनी टेबलावर चमचा आपटला.

"बटाटा बाहेरूनच येतो हो दादा! आत का पिकतो? साहेब, असं आधी कधी झालंय?"

साहेबांनी मान हलवली. ती 'हो' होती की 'नाही', यावर लगेच दोन तट पडले!

शेवटी सगळं बळ एकवटून साहेब म्हणाले, "डॉ... क्टर..."

बिनचूकने कपाळावर हात मारला. "बघा! साधा नियम विसरलो आपण! डॉक्टरांनी निदान लिहिल्याशिवाय कोड द्यायचाच नसतो!"

"साहेब ते साहेब!" दादा गहिवरले. "जीव कंठाशी आलाय, पण नियम सोडला नाही!"

बिनचूक धावत खाली गेली आणि डॉक्टरांना जवळजवळ ओढतच घेऊन आली. "निदान स्पष्ट अक्षरात लिहा हं!"

पण डॉक्टर दारात पोचतात तोच साहेबांना एक जंगी उचकी लागली आणि बटाटा सुखरूप पोटात उतरला. डॉक्टरांनी नीट तपासलं. "काहीही झालेलं नाही."

"काहीच नाही?" बिनचूकचा चेहरा पडला. "थोडीशी सूज तरी?"

साहेबांनी घाम पुसला. ते बिनचूककडे वळले.

"माणूस मरायला टेकला तरी तू नियमाबाहेर जात नाहीस. अशी कोडर शोधून सापडणार नाही. नोकरी कायम!"

टाळ्या पडल्या.

"फक्त उद्यापासून," साहेब म्हणाले, "मी जेवून उठल्यावरच तू जेवायला यायचं!"