तळ्याकाठी बंद पडणारी गाडी

कुणीतरी हिरवं फडकं दाखवल्याशिवाय गोतमारे काका गाडी फाटकाबाहेर काढत नाहीत. त्यांची सगळी नोकरी रेल्वेच्या सिग्नल खात्यात गेली. काका खात्यातून निवृत्त झाले, पण खातं काही त्यांच्या अंगातून निघालं नाही. मी त्यांची शेजारीण, त्यामुळे ही बिनपगारी ड्यूटी माझ्याकडे आली. सकाळी मला नवा रायपूरचं ऑफिस गाठायचं असतं, कुकरची शिट्टी होत असते, आणि खालून काकांचे दोन आखूड हॉर्न येतात.

एकदा घाईत माझ्या हाती लाल नॅपकिन आला. काकांनी इंजीन बंद केलं, उतरले आणि फाटकाच्या दगडावर जाऊन बसले.

"काका, जा ना! मागेपुढे कोणीच नाही!"

"लाल दाखवला तुनं. मी कसा जाऊ?"

हिरवं काही सापडेना. शेवटी मी कोथिंबिरीची जुडी हलवली. काका उठले, जुडीला सलाम केला आणि गेले. त्या दिवशी ऑफिसात मला उशिराचं कारण विचारलं गेलं. मी तब्येतीचं सांगितलं. कोथिंबिरीचं कोण ऐकून घेणार होतं?

खरं तर हे काम सुमनकाकूंचं. काका स्कूटरवर ड्यूटीला जायचे, तेव्हा काकू गॅलरीतून हिरवा ब्लाउजपीस हलवून "चला!" म्हणायच्या, आणि ते "चला" चौथ्या घरापर्यंत ऐकू जायचं. भाजीवाल्याशी छत्तीसगढीत, दूधवाल्याशी हिंदीत आणि नवऱ्याशी अस्सल वऱ्हाडीत भांडणारी ती बाई. मागच्या थंडीत त्यांची उजवी बाजू गेली. हातापायात हळूहळू थोडं बळ आलं, पण बोलणं आलं नाही. डॉक्टर म्हणाले, शब्द आहेत आत, बोलत राहिल्या तर येतील. गप्प बसल्या तर मात्र कठीण आहे. काकूंनी एकदा बोलून पाहिलं. शब्द वाकडा निघाला. त्यांनी तोंड मिटलं आणि भिंतीकडे वळल्या. व्यायाम करून घेणारी मुलगी चित्रं दाखवून म्हणायची, "दीदी, बोलिए, आम." काकू खिडकीबाहेर बघत बसायच्या. लहान पोरासारखं शिकवलेलं त्यांना खपत नव्हतं.

काका माझ्या दाराशी येऊन म्हणायचे, "एक शब्द बोलन त बी पुरे, बेटा. मले शिव्या देल्ल्या तरी चालते." हसत म्हणायचे, पण त्यांच्याकडे बघवत नसे.

काकूंना व्यायामाला न्यायचं म्हणजे तेलीबांध्याच्या तळ्यापलीकडे. ऑटोत चढताना त्यांचे हाल होत, म्हणून काकांनी पंडरीच्या एका कापडवाल्याची जुनी गाडी घेतली. सीटखाली साड्यांची लेबलं अजून निघतात. गाडी दिसायला बरी होती, पण तापली की मधेच बंद पडायची. गार झाली की काही घडलंच नाही अशी सुरू व्हायची. समोर इंजिनाचा पिवळा दिवा कधी लागे, कधी विझे.

पंडरीचा संतोष मिस्त्री मनाचा चांगला माणूस. त्याने पेट्रोलचा पंप बदलून पाहिला, प्लग बदलून पाहिले. शेवटी म्हणाला, "बल्ब ला निकाल देथंव बबा. टेंसन खतम."

काका हादरले. "सिग्नलचा बल्ब काढून गाडी सोडाची? अरे, बिघडला सिग्नल म्हणजे लालच समजाचा असते!"

त्यानंतर सगळा मोहल्ला काकांच्या गाडीचा डॉक्टर झाला. कुणी म्हणे विकून टाका, कुणी म्हणे लिंबू-मिरची बांधा. काका सगळ्यांना एकच सांगायचे, "एका वेळी एकच गोष्ट पाहाची." संतोषने तपासायचं यंत्र लावलं, तर यंत्राला काही दोष दिसेना. काका म्हणाले, "ताप उतरल्यावर पेशंट नेला त डॉक्टर काय सांगन? तापल्यावर लाव." मग दोघांनी मिळून गाडी उभ्याउभ्या तापवली. ती बंद पडली तशी काकांनी गळ्यातला गमछा भिजवला आणि इंजिनावरच्या एकेका भागावर ठेवत गेले. खाली अंगठ्याएवढा एक सेन्सर होता. इंजिनाचा दांडा फिरतोय की नाही, हे तो गाडीच्या कॉम्प्युटरला कळवतो. त्याच्यावर ओला गमछा ठेवला आणि चावी फिरवली, तर गाडी लगेच सुरू झाली. तापला की सेन्सर मुका होत होता. संतोषने काकांना मिठीच मारली आणि त्यांचा शर्ट काळा केला.

जुन्या गाडीचा सेन्सर रायपुरात मिळेना. नागपूरहून मागवला. तोवर काका पाण्याची बाटली आणि गमछा घेऊन काकूंना नेत राहिले. जाताना गाडी सुरळीत जायची. परतताना हटकून तेलीबांध्याच्या तळ्याशी थांबायची.

तिथे पहिल्यांदा थांबली त्या संध्याकाळी काका माझं दार ठोकतच आले. "चला म्हनली! बेटा, सुमन चला म्हनली!"

झालं होतं असं. गाडी थंड करून काका आत बसले, पण हिरवं दाखवायला कोणी नव्हतं. मग बसूनच राहिले. मागून हॉर्न वाजायला लागले. काकूंनी वाट पाहिली, कपाळाला आठ्या घातल्या, हिरव्या पदराचं टोक डाव्या हाताने उचललं आणि म्हणाल्या, "च...ला." काकांनी त्या रात्री सगळ्या गल्लीला पेढे वाटले. पुढच्या खेपेला गाडी पुन्हा थांबली, आणि काकू "चला आता" म्हणाल्या. घरी मात्र गप्प. घरी चार लोक टपून बसलेले असत, बोल बोल म्हणून.

मग नागपूरहून सेन्सर आला. तो तसाच ठेवून द्या, असं मी सुचवलं. काका म्हणाले, "दोष माहीत असून गाडी चालवाची? अन् हायवेवर ट्रकायच्या मधात बंद पडली त? आतमधी सुमन हाये." संतोषने अंगणातच सेन्सर बसवला. काकू गॅलरीतल्या खुर्चीवरून सगळं बघत होत्या. दिवा विझला. गाडी तळ्यावरून न थांबता घरी येऊ लागली, आणि काकूंचं "चला" बंद झालं.

काकांनी दोन हॉर्न देणंसुद्धा सोडलं. नुसते गाडीत बसून माझी वाट बघायचे. माणूस इतका उतरलेला मी कधी पाहिला नव्हता.

काही दिवसांनी मी ऑफिसातून परतत होते. तळ्याशी पाहते तर काकांची गाडी, बॉनेट उघडं. मी स्कूटर लावून धावले.

"पुन्हा बिघडली? नवा सेन्सर गेला?"

"हळू बोल ना, पोरी." काका बॉनेटच्या आड वाकले. नवा सेन्सर कोरडा ठणठणीत होता. ओला गमछा काकांच्या हातातच होता आणि बाटलीतलं पाणी ते रस्त्यावर ओतत होते. "गाडीले काई नाई झालं. सारी नोकरी झाली, पन खोटा लाल मी कधी देल्ला नाई. हा पयला." ते आणखी खाली वाकले. "तिले सांगू नोको. समजलं त पुन्हा तोंड मिटन."

मी मान हलवली आणि काकूंना भेटायला खिडकीशी गेले.

काकूंनी माझं मनगट धरलं आणि जवळ ओढलं. एकेक शब्द जागचा हलवत आणावा तसा आणत त्या म्हणाल्या, "गाडी... बरी हाये."

मी बॉनेटकडे पाहिलं.

"त्यायले... सांगू नोको." श्वास घेतला. "बरं... वाटते... त्यायले."

एवढे शब्द एका वेळी त्यांच्याकडून थंडीनंतर कुणी ऐकले नव्हते. ते ऐकायचा सगळ्यात मोठा हक्क ज्याचा, तो बॉनेटच्या पलीकडे रस्त्याला पाणी घालत होता. मला दोघांनीही गप्प राहायला सांगितलं होतं.

काकांनी बॉनेट लावलं, हात पुसले, आत येऊन बसले. चावी फिरवली नाही. समोर बघत राहिले. काकूंनी पदर आधीच मुठीत धरून ठेवला होता. तरी त्यांनी थोडा वेळ जाऊ दिला, कपाळाला आठ्या घातल्या आणि मगच हात उचलला.

"चला," काकू म्हणाल्या.

काकांनी सलाम केला. मी स्कूटर बाजूला घेऊन त्यांना वाट दिली.