धुतलं का?

आमच्या कॉलनीत माणसं भेटली की कुणी जय भीम म्हणतं, कुणी नमस्कार करतं, नाहीतर "पाणी आलं का?" असं विचारतं. सोलापुरात नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, त्यामुळे हा प्रश्न इथं नमस्कारातच धरतात. वाघमारे काका यातलं काहीच करत नाहीत. ते समोरच्याच्या हातातल्या पिशवीत डोकावतात आणि विचारतात, "धुतलं का?"

पिशवीत काय आहे याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. मी शाळेत गणित शिकवतो. एकदा माझ्या हातात नववीच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा होता, तेव्हाही काकांनी विचारलं. त्या उत्तरपत्रिका वाचल्यावर मला वाटलं, धुतल्या असत्या तर बरं झालं असतं.

काका आरोग्य खात्यातून निवृत्त झाले. वळसंगच्या बाजूच्या गावांतून लुनावर फिरायचं, विहिरींत पाणी शुद्ध करायची पावडर टाकायची आणि लोकांना उकळून प्या म्हणून सांगायचं, हे काम त्यांनी जन्मभर केलं. लोकांनी अर्थातच ऐकलं नाही. नोकरी संपली, पण सांगणं राहिलं. ते आता आमच्या वाट्याला आलं आहे.

भाजी धुणे हा त्यांच्या मते पंधरा मिनिटांचा विषय नसून अर्ध्या तासाचा आहे. आधी साबणानं हात. मग जुडी सोडून मुळं नि सडकी पानं बाजूला. मग दोन पाण्यांतून माती काढायची. मग क्लोरीनचे थेंब टाकलेल्या पाण्यात पानं बुडवून ठेवायची आणि घड्याळ लावून बसायचं. शेवटी उकळून गार केलेल्या पाण्यातून काढायची. केळंसुद्धा धुवायचं. "साल काढून टाकायचंय, काका," असं आमच्या हिनं एकदा म्हटलं. "तोच हात आतल्या गराला लागतोय की, वहिनी," काका म्हणाले. तेव्हापासून आमच्या घरात केळी धुतात. मुकाट्यानं धुतात.

एका लग्नात त्यांनी कोशिंबिरीतली काकडी उचलून नाकाशी धरली आणि आचाऱ्याला पाणी कुठलं वापरलं ते विचारलं. आचाऱ्याला वाटलं, हे अन्नखात्याचे साहेब. त्यानं काकांना खुर्चीवर बसवून वाटीभर बासुंदी आणून दिली. काकांनी वाटी धुतली होती का ते विचारलं. त्या लग्नानंतर कॉलनीतली आमंत्रणं त्यांना उशिरा पोचू लागली, आणि मंडईतल्या भाजीवाल्या त्यांना लांबून बघितलं की मेथीवर पाणी मारायचं थांबवतात.

ते स्वतः मात्र पालेभाजी खात नाहीत. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी, बास. त्यात जंतूंना राहायला जागाच नाही असं त्यांचं म्हणणं. मग एवढी भाजी कुणासाठी धुतात, तर मुलासाठी. आणि मुलगा युगांडात.

मिलिंद माझा विद्यार्थी. आमच्या जिल्ह्यात ऊस बक्कळ, त्यामुळे साखर कारखान्याचं काम शिकलेली पोरंही बक्कळ, आणि त्यातली बरीच आफ्रिकेतल्या कारखान्यांत जातात. मिलिंद तिथं केमिस्ट म्हणून गेला. गेल्या गेल्या त्याला टायफॉइड झाला. काकांनी आठवडाभर अन्न सोडलं आणि तो बरा झाल्यावर हुकूम काढला: भाजी माझ्यासमोर धुवायची, रोज.

त्या दिवसापासून सकाळी साडेनऊला काका परात मांडून बसत. चटणीच्या डब्याला फोन टेकवलेला असे. तिकडं तेव्हा सात वाजलेले असत. इकडं काका मेथी निवडणार, तिकडं मिलिंद तिथली कुठलीशी पालेभाजी. ती पहिल्यांदा बघितली तेव्हा काका हरखून मला बोलवायला आले होते. "मास्तर, तितं बी तांदुळजा हाय की." युगांडाबद्दल त्यांनी काढलेला तेवढा एकच चांगला शब्द. बाकी बोलणं सगळं असं: देठ काढ, बुडव, नीट बुडव, किती मिनिटं झाली. मी कधीमधी तिथं बसलेला असे. बापलेकांत भाजीखेरीज एक शब्द होत नसे. आणि तरी अर्धा तास कसा जाई कळत नसे.

दोन वर्षं हे चाललं. मग एका संध्याकाळी मिलिंदचा मला फोन आला. म्हणाला, सर, मी पहिल्यापासून कारखान्याच्या मेसमध्येच जेवतो. खोलीत गॅससुद्धा नाही. पप्पांसाठी रोज भाजी विकत घेतो, धुतो आणि टाकून देतो. आता रात्रपाळी लागली आहे, सकाळी डोळे उघडत नाहीत. मला सांगवत नाही, तुम्ही सांगा. मेसमध्ये पाणी उकळतात, तेही सांगा.

मी म्हटलं, त्यात काय, सांगतो. दुसऱ्यांच्या घरातले प्रश्न सोडवायची मला भारी हौस. प्रत्यक्षात तीन दिवस काकांच्या दारावरून मान खाली घालून गेलो. चौथ्या दिवशी मिलिंदचा मेसेज आला, "सांगितलं का सर?" मला लाज वाटली. दुपारी सांगायचंच आहे, मग आत्ता होय म्हटलं तर काय बिघडलं, असं ठरवून मी लिहिलं, "सांगितलं. पटलं त्यांना."

आयुष्यात मी पुष्कळ गाढवपणा केला. पण एवढ्या थोड्या शब्दांत कधी केला नव्हता.

दुपारी गेलो तर काका उकळलेलं पाणी गार करत होते. आढेवेढे घेत घेत मी सगळं सांगितलं. त्यांनी पातेल्यावर झाकण ठेवलं.

"मला ठावं हाय," ते म्हणाले.

मी तिथंच खाली टेकलो.

"त्याच्या मागं खिडकी दिसती, मास्तर. कालची भाजी तितंच पडल्याली असती. धुतल्याली. पिवळी पडल्याली. जन्म गेला माझा लोकांच्या घरात डोकवण्यात, मला दिसणार न्हाय व्हय?"

मग काकूंचं काढलं. ते मी कधी विचारलं नव्हतं, त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. काकू काविळीनं गेल्या तेव्हा मिलिंद दहावीला होता. काकूंना क्लोरीनचा वास सोसत नसे, मळमळे, म्हणून घरच्या माठात औषध टाकायचं नाही असं त्या दोघांचं ठरलं होतं. "समद्या तालुक्याच्या हिरीत पावडर टाकली मी. घरातला माठ तेवढा राह्यला. पोरगं काय बोललं न्हाय. पण तवापास्नं बोललंच न्हाय की. पाणी भर, लाइट बंद कर, एवढंच. ह्या भाजीपायी अर्धा तास बोलतंय. ते बी बंद झालं तर आमच्यात बोलायला काय हाय?"



"मला कळलंय हे त्याला सांगू नका," काका म्हणाले. "चालू द्या हाय तसं."

मेसेज माझ्या खिशात होता. तो गेला होता, वाचूनही झाला होता. मी तो काकांना दाखवला, दुसरं काय करणार. त्यांनी चष्मा लावून वाचला आणि फोन परत दिला. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. ते म्हणाले, "असू द्या. त्याची झोप तर व्हईल."

घरी येऊन मी मिलिंदला फोन लावला. काहीतरी करून हे परत फिरवायचं असं डोक्यात होतं. मी तोंड उघडायच्या आत तोच म्हणाला, "सर, पप्पांना इतकं लगेच पटलं? मला वाटलं होतं, नको म्हणतील. भांडतील." त्याच्या आवाजात सुटल्याचा आनंद नव्हता. खरं सांगावं तर काकांचा शब्द मोडतो, न सांगावं तर पोराला वाटणार, बापाला माझं काही नाही. मी म्हटलं, "वय झालं रे त्यांचं."

आता मिलिंद रविवारी फोन करतो. परवाच्या रविवारी काकांनी मला बसायला बोलावलं, एकट्यानं बोलायचं त्यांना अवघड जातं. डब्याला फोन टेकवलेला होता. परातीत मेथीची जुडी होती, पण परात त्यांनी खाली, फोनमध्ये दिसणार नाही अशी ठेवली होती. हात साबणानं धुतलेले, ओले.

"जेवलास का?"

"जेवलो. तुम्ही?"

"व्हय."

"बरं वाटतंय ना?"

"व्हय. तितं पाऊस?"

"आहे."

मग दोघं एकमेकांकडे बघत राहिले. मिलिंदच्या मागची खिडकी रिकामी होती. काकांचा हात दोनदा परातीकडे गेला आणि मांडीवर परत आला. मी दाराकडे बघत बसलो. मिलिंद म्हणाला, ठेवतो पप्पा. काका म्हणाले, ठेव.

थोड्या वेळानं ते उठले. आता जुडी सोडतील, पाणी घेतील असं मला वाटलं. त्यांनी ती तशीच उचलली, मुळांना माती, पानांवर मंडईतलं पाणी, आणि माझ्या हातात दिली.

"घरी न्या, मास्तर. वहिनींना द्या."

मी पायऱ्या उतरलो, फाटकापाशी मुद्दाम थांबलो. जुडी हातात दिसेल अशी धरली आणि वळून बघितलं. काका दारात उभे होते, माझ्याकडेच बघत होते. त्यांनी दार लोटून घेतलं. धुऊन घ्या, एवढंही ते म्हणाले नाहीत.