राणीमहालाच्या हौदावर आकाशोदक उतरले त्याची हकीकत

श्री वरुणदेवतेस स्मरून, जैसे घडले तैसेच लिहिले असे. शके सोळाशे एक्याण्णव, विरोधीनाम संवत्सरी, श्रावणमासी एका राज्यात नवल वर्तले. राणीमहालाच्या परसात काळ्या पाषाणाचा हौद, आणि त्यात बाईसाहेबांनी माहेराहून आणिलेले चाळीस तांबडे मासे. त्यांची निगा सुभानजी हौदनाईक राखीत. नागपंचमीस सुभानजींचे मनी आले की, आकाशीचे निर्मळ उदक देवांस चालते, मग माशांसच विहिरीचे जड पाणी का? म्हणोन अर्धा हौद उपसविला आणि महालाच्या छपराची पन्हाळ हौदात सोडिली, आणि मेघ चार दिवस अखंड वर्षले, आणि हौद वाहू लागला. पाणी ऐसे नितळ की तळीची कवडी दिसावी. सुभानजी धन्य जाहाले.

पाचवे दिवशी मासे वर येऊन तोंडे वासू लागले. तीन मेले. थोरली मासोळी, जी सुभानजींचे हातची कणीक खात असे, ती आडवी जाहाली. बाईसाहेब येऊन बोलिल्या, "नाईक, ही माझ्या आईने दिलेली मासळी. आणखी एक गेली तर या हौदास पुन्हा हात लावू नका."

सुभानजी हौदाच्या पायरीवर बसले. तो मुदपाकखान्यातील गिरजाक्का हंडा घेऊन आली आणि म्हणाली, "नाईक, तुमच्या पन्हाळीच्या पाण्यात डाळ घटकेत शिजली हो! विहिरीच्या पाण्यात दोन प्रहर टणक राहायची. आणि हंड्याला पांढरा थर म्हणाल तर नावाला नाही."

"माझे मासे मरताहेत, अन् तू डाळीचं काय सांगतेस?"

"मग त्यांना डाळ शिजवायचं पाणी कशाला पाजता? थर धरणारं द्या की!"

सुभानजी ताडकन उठले. हंड्याचा पांढरा थर तो चुनाच, आणि शिंपल्यांतही चुनाच, हे मनी आले. मग विहिरीचे पाणी घागरीघागरीने, सावकाश, हौदात सोडविते जाहाले, आणि पन्हाळीच्या तोंडी शिंपल्यांचे पोते बांधिले. मेघ वर्षतच होते, परंतु सायंकाळी मासे तळी गेले, आणि दुसरे दिवशी थोरली मासोळी सरळ होऊन हातची कणीक खाती जाहाली. बाईसाहेबांनी पाहिले आणि कणकेचे ताट पुढे केले.

दोन पावसाळ्यांनी सुभानजींनी पोते सोडिले. शिंपले झिजून पिंपळपानाच्या जाळीऐसे जाहालेले. एक उन्हाकडे धरिला, तो पलीकडची बोटे दिसली. सुभानजींनी आभाळाकडे पाहून हात जोडिले.

सारांश, मेघोदक निर्मळ खरे, परी उपाशी येते. त्या राज्यात त्यास आधी शिंपले वाढितात, मग हौदात घेतात. पाहिले तितके लिहिले, येथे लेखणी ठेविली.